फलकावरच्या बातम्या

क्युपरटिनोच्या डी आन्झा कॉलेजातल्या सूचनाफलकावर एखाद्या आठवड्यात काय काय लावलेलं असतं ते आधी सांगते. क्लास ड्रॉप करायचा असेल तर शेवटची तारीख कोणती. फूड पॅन्ट्री कोणत्या वारी उघडी राहील. बसचा पास कुठल्या खिडकीवर मिळेल. ट्रान्स्फरची, म्हणजे इथून पुढे विद्यापीठात जाण्याची, माहिती द्यायला विद्यापीठांचे लोक कधी येणार. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांना पिन लावण्याचा समारंभ किती वाजता. चिनी नववर्षाचा कार्यक्रम, कुणाला भाड्यानं हवी असलेली खोली, कुणाची विकायची जुनी पुस्तकं. आणि एका कोपऱ्यात साधा छापील कागद: ज्या विद्यार्थ्यांना राहायला घर नाही, त्यांना व्यायामशाळेतल्या अंघोळीच्या खोल्या वापरता येतील.

हा शेवटचा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही. ॲपलचं मुख्यालय ज्या गावात आहे, त्या गावातल्या कॉलेजात शिकणारा एखादा मुलगा रात्री गाडीत झोपतो, पहाटे व्यायामशाळेत अंघोळ करतो आणि आठच्या तासाला येऊन बसतो. घरभाडी अशी चढली आहेत की नोकरी असूनही डोक्यावर छप्पर असेलच असं नाही. 2016 साली कॅलिफोर्नियानं कायदाच केला की अशा विद्यार्थ्यांना डी आन्झासारख्या कम्युनिटी कॉलेजांनी या सोयी वापरू द्याव्यात. कायदा राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत झाला, पण तो ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत पोचला तो त्या कागदामुळे. तेव्हापासून कॉलेजच्या बातम्या मी वेगळ्या नजरेनं वाचते. कॉलेजात कोण येईल असं कॉलेजला वाटतं, हे त्याच्या फलकावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं त्याच्या माहितीपत्रकातही दिसत नाही.

याच आवारातून एक बातमी साऱ्या जगात गेली होती. इथल्या फ्लिंट सेंटर नाट्यगृहात 24 जानेवारी 1984 रोजी स्टीव्ह जॉब्सनं मॅकिन्टॉश संगणक लोकांपुढे ठेवला. 2019 साली ते नाट्यगृह बंद झालं. कॉलेजला त्या दिवसाचा अभिमान असणं साहजिक आहे. मला मात्र रोजच्या फलकाचं मोल जास्त वाटतं, कारण तो वाचून कुणाचं तरी त्या आठवड्याचं काम होतं.

डी आन्झासारखी दोन वर्षांची कॉलेजं अमेरिकेत निघाली ती 1901 साली, इलिनॉयमधल्या जोलिएट गावी. तिथल्या हायस्कूललाच पुढचे दोन वर्षांचे वर्ग जोडले आणि सहा विद्यार्थ्यांवर काम सुरू केलं. गावातल्या मुलांना गाव न सोडता पुढे शिकता यावं, एवढाच हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, सरकारी खर्चानं शिकायला निघाले, आणि विद्यापीठं अपुरी पडू लागली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं 1947 च्या अहवालात गावोगावी अशी कॉलेजं काढायला सांगितलं. कम्युनिटी कॉलेज हे नाव तेव्हापासून रुळलं. कॅलिफोर्नियानं 1960 साली उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात हायस्कूलमधल्या अव्वल आठव्या हिश्श्याला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, अव्वल तिसऱ्या हिश्श्याला स्टेट कॉलेजं, आणि शिकून ज्याचं भलं होईल अशा प्रत्येकाला या कॉलेजांचं दार उघडं ठेवलं. डी आन्झा त्यानंतर सात वर्षांनी, 1967 साली सुरू झालं.

1947 हे साल वाचताना माझं मन साताऱ्याला जातं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. कमवा आणि शिका ही योजना तिथं कॉलेजच्या शिक्षणाला जोडली गेली. माझे वडील त्या योजनेतून शिकले. पहाटे शेतात पाणी धरायचं, मग तास, संध्याकाळी पुन्हा काम. त्यांच्या बोलण्यात कॉलेजच्या बातम्या यायच्या त्याही अशाच: या आठवड्यात कामाची पाळी कोणाची, भोजनगृहात धान्य कुठून आलं, कुणाची फी कुणी भरली. ट्रुमन आयोगाला भाऊराव माहीत असण्याचं कारण नव्हतं, भाऊरावांनाही तो आयोग माहीत नसावा. तरी ज्याच्या घरात आजवर कुणी कॉलेज पाहिलं नाही त्याला आत कसं आणायचं, हा प्रश्न दोघांपुढे एकाच सुमारास होता. भाऊरावांनी तो उपाशी मुलाच्या बाजूनं पाहिला, म्हणून मला त्यांचं उत्तर अधिक पुरं वाटतं. अमेरिकेतल्या कॉलेजांना फूड पॅन्ट्रीची गरज फार उशिरा कळली.

मी डी आन्झात गेले ती डिपेन्डन्ट व्हिसावर आलेली एक एम. कॉम. बाई म्हणून. त्या व्हिसावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, शिकायची होती. राज्यात वर्षभराहून अधिक राहिल्याचं दाखवलं की रहिवाशाच्या दरानं फी पडे. आजही डी आन्झात रहिवाशाला क्वार्टरच्या एका युनिटला 31 डॉलर पडतात, म्हणजे चार युनिटच्या विषयाला सव्वाशेच्या आसपास आणि वर किरकोळ शुल्कं. ज्या गावात एका मुलाच्या पाळणाघराला महिन्याकाठी हजारो डॉलर जातात तिथं हा आकडा लोकांना खोटा वाटतो. मी चाइल्ड डेव्हलपमेंटचे विषय घेतले.

त्या वर्गात आमच्याकडून करून घेतलेली एक गोष्ट अजून माझ्या हाताला आहे. बालकेंद्रात जाऊन तासभर एकाच मुलाकडे पाहायचं आणि जे दिसेल तेवढंच लिहायचं. मुलगा चिडला, असं लिहिलं की शिकवणाऱ्या बाई ते वाक्य खोडायच्या. त्यानं ठोकळा खाली टाकला, ओठ दाबून धरले, दाराकडे दोनदा पाहिलं, असं लिहा म्हणायच्या. चिडला की घाबरला की आईची वाट पाहतोय, ते मागाहून ठरवू. माझ्या शेजारी बसणारी बाई दिवसभर लोकांच्या घरांची साफसफाई करून थेट वर्गावर यायची. इंग्रजी लिहिताना ती अडखळायची, पण निरीक्षण वर्गात सगळ्यांत सरस तिचंच असे. एका मुलानं बुटाची नाडी बांधायचा केलेला प्रयत्न तिनं पानभर लिहिला होता: कोणतं बोट आधी, नाडी कुठं निसटली, पुन्हा कशी धरली. बाईंनी ते पान वर्गापुढे वाचून दाखवलं. आज मी प्रीस्कूलमध्ये शिकवते, आणि एखादं मूल हट्टी आहे असं कुणी म्हणालं की मला ते पान आठवतं.

त्याच बाईंची आणखी एक सवय होती. तासाच्या सुरुवातीला त्या कॉलेजच्या सूचना मोठ्यानं वाचायच्या. फलक आहे, छापील वेळापत्रक आहे, तरीही वाचायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, इथं अर्धे लोक कामावरून धावत येतात आणि तास संपला की पार्किंगकडे धावतात, फलकापाशी उभं राहायला वेळ कुणाला आहे? एक तारीख चुकली तर गुणपत्रकावर नापासाचा शेरा बसतो, आणि पुढे ट्रान्स्फरच्या वेळी तो आडवा येतो. ज्याच्या घरात आईवडील किंवा भावंडं कॉलेजात गेलेली असतात त्याला अशा गोष्टी जेवताखाता कळतात. ज्याच्या घरी तो पहिलाच, त्याला त्या कुणीतरी सांगाव्या लागतात. बातमी पोचवणं हा शिकवण्याचाच भाग आहे, हे मी तिथं शिकले.

विद्यार्थी चालवतात ते ला व्होज हे वर्तमानपत्रही मी आवडीनं वाचते. त्यात विश्वस्त मंडळाच्या बैठकींचं वार्तांकन असतं. हे विश्वस्त जिल्ह्यातले मतदार निवडून देतात. मार्च 2020 मध्ये फूटहिल आणि डी आन्झा या दोन कॉलेजांसाठी 89 कोटी 80 लाख डॉलरचे कर्जरोखे काढावेत का, हे मतपत्रिकेवर विचारलं गेलं. 55 टक्के मतं लागत होती. ती मिळाली, आणि त्याची फेड घरपट्टीतून होते. ज्यांची मुलं या कॉलेजात कधी जाणार नाहीत तेही ती भरतात. गावाच्या पैशावर उभ्या असलेल्या कॉलेजनं आपली बातमी गावाला द्यायची असते, आणि गावानंही ती वाचायची असते.

सगळंच चांगलं चाललंय असं मी म्हणणार नाही. या कॉलेजांत नाव घालणारे खूप असतात, पदवीपर्यंत किंवा ट्रान्स्फरपर्यंत पोचणारे त्या मानानं कमी. पुष्कळ प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. एका कॉलेजातला तास संपवून दुसऱ्या कॉलेजाकडे गाडी हाकत जातात, विद्यार्थ्याला भेटायला त्यांना धड खोलीही नसते. कोविडच्या साथीत विद्यार्थिसंख्या घसरली. दोन वर्षांचा अभ्यास पाच-सहा वर्षं रेंगाळला की त्याचं कारण बहुधा आळस नसतो. कामाची पाळी बदललेली असते किंवा घरी आजारपण असतं. फलकावर त्याचा उपाय मिळेलच असं नाही, पण त्याची दखल तरी असते.

आणि आपण? इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात हायस्कूल संपलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो, कुठं ॲडमिशन मिळाली? त्यानं कम्युनिटी कॉलेजचं नाव घेतलं की विचारणारे काका नुसतं 'अच्छा' म्हणतात आणि प्रसादाच्या रांगेकडे वळतात. शेजारी उभी असलेली आई लगेच सांगू लागते, नाही, दोनच वर्षं, मग ट्रान्स्फर घेणार आहे. त्या आईच्या आवाजातली घाई ऐकली की मला फार वाईट वाटतं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा अशा सहा शाखा, ठरलेले विषय आणि ठरलेले गुण असले तर, प्रवेशाची लेखी हमी देतात. ॲपलचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक काही काळ याच डी आन्झात शिकला, हे आपण कौतुकानं सांगतो. शेजारच्या मुलाच्या बाबतीत मात्र ते विसरतो. भाऊरावांच्या नावानं जयंत्या साजऱ्या करणाऱ्या समाजानं परवडणाऱ्या, सर्वांना खुल्या कॉलेजाला कमी लेखावं, हे मला पटत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या वेळी एखादा मुलगा कम्युनिटी कॉलेजचं नाव घेईल तेव्हा त्याला विषय विचारा, काउन्सेलरला भेटलास का विचारा, ट्रान्स्फरच्या तारखा माहीत आहेत का विचारा. आणि भारतातली पदवी घेऊन इथं घरात बसलेली एखादी बहीण, वहिनी किंवा शेजारीण असेल, तर तिला एकदा आवारात घेऊन जा. डी आन्झाचं फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं. नाव घालायला वयाची अट आडवी येत नाही, आणि प्रवेशपरीक्षाही नाही.