विद्वत्ता आणि पदन्यास

विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस ताल आणि नृत्य यांचे प्राथमिक पाठ द्यावे कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां वेळापत्रकाचा दिसतो. आठवड्याचे इतके तास, इतके श्रेयांक, एक मोकळी खोली आणि एक वादक एवढ्यांची सोय लागली कीं तो सुटला, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसहि तसेंच वाटत असे. फरक इतकाच कीं, ही सोय लावण्याच्याच आम्ही विरुद्ध होतों. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कलांस सर्व शाखांच्या शिक्षणांत स्थान देण्याचा पुरस्कार केला. त्यानंतर आमच्या महाविद्यालयांत असा एक ऐच्छिक वर्ग काढण्याची सूचना पुढें आली, तेव्हां तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यांत आम्ही प्रमुख होतों. आज आमचें मत बदललें आहे. तें कां बदललें हें सांगणें हा या लेखाचा एक हेतु. आणि मत बदलल्यावरहि जें एक कृत्य आमच्या हातून घडलें, त्याची कबुली देणें हा दुसरा.

आमचे आक्षेप तीन होते. पहिला असा कीं, विद्यापीठ हें बुद्धीचें स्थान. पाय नाचविणें हें तेथील काम नव्हे. दुसरा असा कीं, लयीची जाण उपजत असते. ज्यास ती आहे त्यास शिकवावी लागत नाहीं, आणि ज्यास नाहीं त्यास शिकवितां येत नाहीं. तिसरा असा कीं, चार जणांसमोर अंग हलविण्याचा ज्यास संकोच आहे, त्याचा तो संकोच मोडण्याचा आम्हांस अधिकार काय? वाचकांपैकीं अनेकांच्या मनांत हेच आक्षेप असतील, म्हणून त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिल्या आक्षेपाच्या समर्थनार्थ आम्हीं ग्रीकांचा दाखला दिला होता, हें आतां आठवलें म्हणजे आमचें आम्हांसच हंसूं येतें. कारण प्लेटोनेंच ‘लॉज’ या आपल्या उतारवयांतील संवादांत, ज्यास समूहगायनाचें व समूहनृत्याचें शिक्षण मिळालें नाहीं तो अशिक्षितच होय, अशा आशयाचा विचार मांडला आहे. पण ग्रीसपर्यंत तरी कशास जावें? ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकांत आपल्या देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या पदरीं होता, आणि त्याचा हुद्दा राजाच्या हिशेबखात्यांतला होता. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तो आम्हां वाचक-लेखकांसारखाच पांढरपेशा! त्यानें आपल्या ग्रंथाच्या सात अध्यायांपैकीं पांचवा तालास आणि सातवा नर्तनास दिला, व गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींस मिळून संगीत म्हणावें असें सांगितलें. आपल्या विद्वत्तेस नृत्याचा विटाळ होईल, असें त्यास वाटलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम दिसतो. परंतु जें केवळ उपजत असतें, त्याचे क्रमिक पाठ कोणी बांधीत बसत नाहीं. नृत्याचे ते बांधले गेले आहेत. तंजावरच्या भोसले घराण्यांतील सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारीं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधु होते. भरतनाट्यम् आज ज्या क्रमानें शिकविलें जातें, त्या क्रमाचें श्रेय त्यांसच देण्यांत येतें. नवशिक्यानें गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून अर्धें बसावें. तळपाय सपाट जमिनीवर आपटण्याची एकच क्रिया आधीं सावकाश, मग दुप्पट, मग चौपट गतीनें करावी. ती साधल्यावर मग पुढच्या क्रिया. कथकांतहि तसेंच. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे बोल उजव्या-डाव्या पायांनीं काढीत सोळा मात्रांचा त्रिताल भरावयाचा, आणि एकपट नीट जमल्यावांचून दुपटीस हात घालावयाचा नाहीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत १९२६ सालीं नृत्याचा पदवी-अभ्यासक्रम सुरूं झाला. त्याच्या प्रवर्तक मार्गारेट ह’डोब्लर या व्यवसायानें नर्तकी नव्हत्या. त्या जीवशास्त्र शिकलेल्या व व्यायाम शिकविणाऱ्या होत्या. विद्यार्थिनींस त्या प्रथम जमिनीवर आडवें होऊन आपले सांधे कसे वळतात तें पाहावयास लावीत. रंगमंचावरील नर्तकी घडविणें हा त्यांचा मुख्य हेतु नव्हता; प्रत्येक साधारण माणसास आपल्या देहाची ओळख व्हावी, हा होता.

हें सर्व आम्हीं मागाहून वाचलें. मत बदललें तें पुस्तकानें नव्हे. वर्ग सुरूं झाल्यावर त्याची पाहणी करून अहवाल देण्याचें काम, कदाचित् आम्ही विरोधक म्हणूनच, आमच्याकडे आलें. वर्ग एका जुन्या प्रयोगशाळेंत भरे. बाकें भिंतीस लावलेलीं, तीसेक मुलें-मुली अनवाणी उभीं, आणि शिकवावयास एक ढोलकीवादक. साठी उलटलेले, हयात तमाशाच्या फडांत व भजनाच्या साथींत गेलेली. विद्यार्थी त्यांस मास्तर म्हणत. पहिले पंधरा दिवस त्यांनीं नृत्य असें शिकविलेंच नाहीं. ठेक्यावर खोलीभर नुसतें चालावयाचें. ठेका थांबला कीं जागच्या जागीं थांबावयाचें. मग हातानें त्रिताल धरावयाचा. पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेस टाळी, नवव्या मात्रेस खाली. त्यानंतर रूपक आला. आम्ही कोपऱ्यांत वही घेऊन बसलों होतों. मास्तर म्हणाले, “साहेब, वही ठेवा अन् तुम्हीबी हात धरा.”

रूपक हा सात मात्रांचा ताल. तीन, दोन व दोन असे त्याचे खंड. इतर बहुतेक तालांत समेवर टाळी पडते. रूपकाची सम मात्र खालीवर असते. तेथें हात नुसता उलटावयाचा, आणि टाळ्या द्यावयाच्या त्या चौथ्या व सहाव्या मात्रेस. शब्दांनीं हें आम्हांस तत्काळ समजलें. सत्तावीस वर्षें आम्ही इंग्रजी काव्याचें छंदःशास्त्र शिकवीत आलों आहों. कोणत्या चरणांत आघात कोठें पडतो, तें फळ्यावर खुणा करून दाखवितों. पण आमचा हात दर वेळीं पहिल्या मात्रेवर टाळी देऊन मोकळा होई. तिसऱ्या आवर्तनांत आम्ही गोंधळलों, पांचव्यांत थांबलों. शेजारीं उभा असलेला विद्यार्थी आमच्याच वर्गांतला होता. वर्षभर त्यानें आमच्यापुढें तोंड उघडलें नव्हतें, आणि त्याच्या इंग्रजी निबंधांवरून आम्हीं त्याची गणना मंदांत करून टाकली होती. त्याचें घर वारकऱ्याचें; दिंडींत टाळ घेऊन पावली खेळतच तो लहानाचा मोठा झालेला. तो हंसला नाहीं. त्यानें आपला हात आमच्या हाताजवळ आणला, आणि आम्हांस नीट दिसावें म्हणून जरासा ठळकपणें हलविला.

त्या रात्रीं आम्ही पुष्कळ वेळ जागे होतों. शब्दांच्या विषयांत अज्ञान लपवितां येतें. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल चतुराईनें बोलतां येतें, आणि आम्ही बोललों आहों. चुकलेली सम लपवितां येत नाहीं. पण मनास खरी टोंचणी होती ती वेगळीच. त्या मुलानें आमच्यासाठीं आपला हात जसा ठळक केला, तसे आम्हीं आपले शब्द त्याच्यासाठीं वर्षभरांत एकदांहि केले नव्हते.

आतां तिसरा आक्षेप. संकोच खरा असतो व त्याचा मान राखलाच पाहिजे. कोणासहि सक्तीनें प्रेक्षकांपुढें उभें करूं नये. कोणाच्या देहाची दुसऱ्याशीं तुलना करूं नये. गुण द्यावयाचे तर ज्याच्या त्याच्या प्रगतीवरून द्यावे. आणि वर्ग ऐच्छिकच असावा. एवढी पथ्यें पाळली तर विद्यार्थ्यांचा संकोच महिन्या-दोन महिन्यांत बराचसा ओसरतो, हें आम्हीं पाहिलें आहे. मग आम्ही बैठकींत कळवळून बोललों तें कोणाच्या संकोचासाठीं? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर स्वतःच्या. नृत्य पाहणें आमच्या वर्गानें कधींच टाकलें नव्हतें; नाचणाऱ्यांस आपल्या ओसरीवर बसूं देणें मात्र टाळलें होतें. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं कायद्यानें देवदासी-समर्पण बंद केलें, तें योग्यच झालें. परंतु प्रथा मोडली तरी कलावंतिणींस हिणविण्याची संवय मोडली नाहीं. पुढें नृत्य सुशिक्षित घरांत आलें, त्यास प्रतिष्ठा लाभली. ज्या घराण्यांनीं तें पिढ्यान् पिढ्या जपलें, त्यांच्या वांट्यास त्या प्रतिष्ठेचा अंश फारच थोडा आला.

याहून निराळें वागतां येतें, याचेहि दाखले आहेत. सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं बडोद्यास गायनशाळा काढली, ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हातीं सोंपविली. रवींद्रनाथांनीं १९१९ सालीं सिल्हट येथें मणिपुरी नृत्य पाहिलें, आणि तें शिकविण्यास शांतिनिकेतनांत मणिपुरी गुरूंसच पाचारण केलें. दोघांनींहि विद्या आणतांना विद्यावंतासहि आंत आणलें.

आम्हीं काय केलें तें आतां सांगतों. सत्र संपल्यावर गुणपत्रकाचा प्रश्न निघाला. मास्तरांस पदव्युत्तर पदवी नाहीं, पदवीहि नाहीं. कागदोपत्रीं ते तासांवर वेतन घेणारे ‘सहाय्यक’. परीक्षक म्हणून त्यांची सही चालणार नाहीं, असें कार्यालयानें कळविलें. अहवाल लिहिणारे म्हणून आम्हींच सही करावी, अशी तोड निघाली. आम्ही तोपर्यंत या वर्गाचे पुरस्कर्ते झालों होतों. वर्ग बंद पडूं नये, हें निमित्तहि हाताशीं होतें. आम्हीं सही केली. ज्यास रूपकाची सम सांपडली नव्हती त्यानें तीस जणांच्या तालज्ञानाचा निवाडा प्रमाणित केला. आणि ज्यानें तें ज्ञान दिलें तो दाराशीं ढोलकीची दोरी आंवळीत उभा राहिला. आम्हीं कांहीं ओशाळें बोलूं लागतांच ते म्हणाले, “सही कोणाचीबी असूं द्या साहेब. पोरांचा पाय समेवर पडला म्हंजे झालं.”

त्यांचें झालें असेल; आमचें झालेलें नाहीं. नियम निरुपयोगी असतात असें आम्ही म्हणत नाहीं; पदवीची अट नसती तर वशिल्याचे किती जण शिक्षक म्हणून शिरले असते, हेंहि आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या विद्येच्या पदव्या आम्हींच कधीं दिल्या नाहींत, त्या विद्येच्या जाणत्याकडे पदवी मागणें हा न्याय नव्हे. परीक्षेनेंच पात्रता ठरवावयाची तर ती त्याच्या विद्येची परीक्षा असावी, आणि ती घेणारे त्याच विद्येंतले असावे. असा ठराव आम्हीं पुढील बैठकीसाठीं लिहून दिला आहे. तो मंजूर होईल कीं नाहीं, हें सांगवत नाहीं. विरोधाचीं भाषणें कशीं होतील तें मात्र आम्हांस तोंडपाठ आहे, कारण तीं आमचींच आहेत.

विद्यापीठांत नृत्य शिकवावें काय, या प्रश्नास आमचें उत्तर आतां होकारार्थी आहे. परंतु ज्यांच्या हातीं असे वर्ग काढणें असेल, त्यांनीं खोली आणि तास ठरविण्यापूर्वीं एवढें ठरवावें कीं, शिकविणारा कोठें बसेल आणि त्याची सही कोठें होईल. आम्हीं स्वतः या सत्रांत वर्गांत नांव घातलें आहे. त्रिताल बरा धरतां येतो. रूपकांत हात अजून चुकतो, आणि तो चुकला कीं तो मुलगा शेजारून आपला हात दाखवितो.