गुन्हा मैनेचाच कसा?

गरीब ॲनाला एक श्रीमंत शौकीन खोट्या लग्नाच्या नावाखाली फसवतो. मूल जन्मून दगावतं. पुढे ही हकीकत कळताच, ती ज्याच्याकडे राहते तो सोवळा शेतकरी तिला हिमवादळात घराबाहेर काढतो, आणि फसवणारा त्याच घरात पंगतीचा मानकरी असतो. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘वे डाउन ईस्ट’ची (१९२०) ही गोष्ट. शेवटी ॲनाचा संसार उभा राहतो, कारण पोरीचा दोष नव्हता याची प्रेक्षकाला आधीच खात्री करून दिलेली असते.

व्ही. शांताराम यांनी १९३९ मध्ये पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये ‘माणूस’ केला, तेव्हा ही पळवाट ठेवली नाही. मैना वेश्या आहे. छाप्यातून तिला वाचवणारा गणपत साधा पोलीस शिपाई. शांता हुबळीकर आणि शाहू मोडक यांनी ही दोन माणसं उभी केली. गणपतला तिच्याशी लग्न करायचं आहे, त्याची आईही तिला नाकारत नाही. दार उघडं असूनही मैनाच आत पाऊल टाकू शकत नाही. जगाने दिलेला शिक्का तिने स्वतःच मान्य केलेला असतो. पुढे छळणाऱ्या मामाचा खून तिच्या हातून होतो. गणपत तिला तुरुंगातून सोडवायला तयार होतो, तर ती नकार देते.

‘देवदास’च्या रडगाण्याला उत्तर म्हणून शांतारामांनी हा चित्रपट केला, असं सांगतात. उत्तर चोख आहे. पण हिशेब पाहावा: गणपत कर्तव्यावर परततो, मैना गजाआड जाते. आणि तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांचं काय? ती पांढरपेशी मंडळी सुखाने घरी जातात.

कायदाही फारसा वेगळा नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात गिऱ्हाइकाला खुणावणाऱ्या बाईला पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तोच गुन्हा पुरुषाने केला तर कमाल तीन महिने.

आणि समाजाची नजर? पुण्याजवळच्या माण गावच्या शिवारापर्यंत आज हिंजवडीचं आयटी पार्क पोचलं आहे. एकट्या मुलांनाही घर देताना मालक अटी घालतात, हे खरं. तरी रात्रपाळी संपवून कॅबमधून उतरणाऱ्या मुलीकडे गॅलऱ्यांतून ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने मुलाकडे कोणी पाहत नाही. तो दमून आलेला असतो. ती कुठून आली, हा प्रश्न असतो.