तब्येत आमची आम्ही बघू

“सर, शाळेनं शिकवावं. तब्येत आमची आम्ही बघू.” जेऊरच्या फलाटावर ओळखीच्या एका केळीबागायतदारांनी हे ऐकवलं. त्यांचा मुलगा बाहेरगावी फादरांच्या कॅथलिक शाळेत, वसतिगृहात असतो. जंतनाशक गोळीसाठी शाळेनं संमतीचा कागद पाठवला होता. यांनी सही केली नव्हती आणि करणारही नव्हते.

आधी मला त्यांचंच पटलं. आरोग्याच्या नावानं निघालेली फर्मानं आपण सगळ्यांनी सोसली आहेत. मुखपट्ट्या, बंद वर्ग, मोबाइलवरची शाळा हे पुन्हा उगाळत बसत नाही. आईबापांना न विचारता पोराला टोचायचं का, हा वाद गोवर-रुबेला लसीच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयानं पालकांच्या संमतीच्या बाजूनंच कौल दिला. म्हणजे सही मागणारी शाळा चुकली नव्हती आणि सही न देणारा बापही हक्काबाहेर गेला नव्हता.

घोटाळा जंतांनी केला. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात, मातीतून हाताला आणि हातातून तोंडात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. अल्बेंडाझोलची गोळी पोटातले जंत मारते, पण पुन्हा लागण होणं थांबवत नाही. म्हणून तर १ ते १९ वर्षांच्या सगळ्या मुलांना ती जंतनाशक दिनी एकदमच देतात. काहींनी घेतली, काहींनी टाळली, तर मैदानाची माती होती तशीच राहते. वसतिगृहात मैदान एक, मोरी एक. बाप जेऊरला आणि पोरगं फादरांच्या हवाली. मग तब्येत बघणारे हे ‘आम्ही’ नेमके कोण?

सरकारी हुकमांचे मी नेहमी दोन ढीग करतो. काहींना धनी असतो, काही बेवारस असतात. रजिस्टरात खूण झाली की जो संपतो, तो हुकूम बेवारस. गोळी खाऊन मळमळलेल्या पोराच्या उशाशी रात्री कोण बसणार, त्या दिवशी गैरहजर असलेल्याला नंतर आठवणीनं कोण देणार, हे जिथं ठरलेलं असतं, तिथं हुकमाला धनी मिळाला म्हणायचा.

इथं जरा आडवाट. जेऊरहून पुण्याकडे निघालं की दौंडच्या पुढं केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं. बाई कॅथलिक नव्हत्या, प्रोटेस्टंट होत्या. पण हुकमाला धनी होण्याच्या बाबतीत फादर-सिस्टरांनी आणि आपण सगळ्यांनीच त्यांच्याकडं बघावं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून विधवा आणि मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. तिथल्या त्यांच्या शारदा सदनात आणखी माणसं ठेवायला मनाई झाली. बाईंनी हुकूम मोडला नाही आणि मुलींनाही वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांना घेऊन त्या केडगावच्या शेतजमिनीवर गेल्या. तिथं मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढं तिथं जवळपास २,००० जणी राहिल्या. विणकाम, शेती, छपाई त्याच करत. आणि १८९७ मध्येच याच बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र छापून पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायका सुरक्षित नाहीत, असा उघड आरोप केला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी तो फेटाळला, पण पत्राचा गवगवा विलायतेपर्यंत झाला. नियम पाळणं आणि नियम राबवणाऱ्याला जाब विचारणं, दोन्ही एकाच बाईनं एकाच वर्षात केलं.

आमच्या बागायतदारांनी यातलं एकही केलं नाही. सही अडवली, पण गोळी कोण देणार, आजारी पोरांना वगळणार का, त्रास झाला तर डॉक्टर कुठला, हे काही विचारलं नाही. शेजारच्या बागेत करपा आला आणि शेजारी “बाग माझी, मी बघीन” म्हणाला, तर हेच गृहस्थ बांधावर जाऊन भांडतील.

शाळाही यातून सुटत नाही. मिशनरी शाळांना एकजुटीचा मोठा अभिमान असतो. लाल, निळं, हिरवं हाउस, क्रीडादिनाचं संचलन, ढाली, घोषणा. गोळीचा कागद मात्र दप्तरात घडी होऊन घरी येतो. याउलट सोलापूरच्या नीलमनगरातल्या आशा मराठी विद्यालयानं २०२० मध्ये करोनामुळं शाळा बंद असताना वस्तीतल्या सुमारे ३०० भिंतींवर धडे रंगवले. बंदीचा नियम पाळला आणि मुलंही सुटू दिली नाहीत. मला तर एकजूट क्रीडादिनापेक्षा इथं जास्त दिसते.

मी निघालो होतो संमतीच्या हक्काची वकिली करायला. हक्क आहेच, तो काढून घेऊ नये. पण वसतिगृहात पोर ठेवलं की त्याची तब्येत एकट्या घराची राहत नाही. नकार द्यायचाच असेल, तर तो पालकसभेत, बाकीच्या आईबापांसमोर उभं राहून, कारण सांगून द्यावा. आणि शाळेनं गैरहजर मुलांची आठवण ठेवायचं, जेवणाआधी हात धुवायला लावायचं काम हाउस कॅप्टनांकडं सोपवावं. ढाली उचलण्यापेक्षा ते मोलाचं आहे.

पुढच्या जंतनाशक दिनाआधी शाळांनी नुसता कागद पाठवू नये, पालकांना बोलवावं. पालकांनीही वेळ काढून जावं, चार अवघड प्रश्न विचारावेत आणि उत्तरं पटली तर तिथंच सही करावी.