अस्थींचे स्वामित्व

मारलेल्या प्राण्याची कवटी मोठ्या निगुतीने स्वच्छ करून भिंतीवर लावणे, हा त्या प्राण्याचा सन्मान म्हणावा की मारणाऱ्याची आत्मस्तुती? हा प्रश्न मूळचा युरोपातील शिकाऱ्यांच्या एका प्रथेचा आहे. परंतु प्राण्यांचे अवशेष आपल्या घरांत, राजवाड्यांत आणि देवळांतही आहेत. म्हणून त्याचा विचार परक्यांचे दोष मोजण्याच्या बुद्धीने करून चालणार नाही.

जर्मनी, ऑस्ट्रिया आदी देशांत रो जातीचे लहानसे हरीण, तांबडे हरीण किंवा डोंगरातील शॅमॉय मारल्यावर त्याचे मुंडके कातड्यासकट भरून ठेवण्यापेक्षा नुसती शिंगांसह कवटी लाकडी ढालीवर बसवण्याची रीत अधिक रूढ आहे. हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम कातडे सोलून डोळे, जीभ, मेंदू काढून टाकतात व रक्त उतरावे म्हणून कवटी थंड पाण्यात भिजत घालतात. मग ती मंद आचेवर शिजवतात. पाण्याला खळखळून उकळी येऊ देत नाहीत, कारण तसे झाल्यास चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळे डाग उमटतात. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घातला की मांस लवकर सुटते. हरणाची भरीव शिंगे मात्र पाण्याबाहेर राहतील अशी काळजी घ्यावी लागते, नाहीतर त्यांचा नैसर्गिक रंग जातो. नाकाच्या पोकळीतील हाडे तर पापुद्र्यासारखी असतात. घाई केली की ती तुटलीच. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडने हाड शुभ्र करतात. जाणता कारागीर ब्लीचिंग पावडरीला हात लावत नाही, कारण तिने हाड ठिसूळ होते. संग्रहालयांत हेच काम डर्मेस्टिड जातीच्या किड्यांकडून करून घेतात. ते सुकलेले मांस तेवढे खातात आणि नाजुकातले नाजूक हाड शाबूत ठेवतात.

ह्या प्रथेचे समर्थक म्हणतात, की इतके कष्ट अनादराने कोणी करत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या देशांत मारलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात आणि तिला ‘शेवटचा घास’ म्हणतात. शिंग फुंकून त्याला निरोप देतात. मांस वाया जाऊ देत नाहीत. काही प्रांतांत वर्षभरातील शिंगे व कवट्या एकत्र मांडून दाखवाव्या लागतात. खालच्या जबड्यातील दातांच्या झिजेवरून प्राण्याचे वय अजमावता येते, आणि शिकाऱ्याने योग्य प्राणी निवडला की कसे, हे त्याच्या बरोबरीचे लोक पाहतात. म्हणजे ती कवटी आठवण तर आहेच, शिवाय शिकाऱ्याविरुद्धचा पुरावाही होऊ शकते. आम्हां वकिलांस ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते.

पण ह्याच प्रथेची दुसरी बाजूही आहे. १८९२ साली लंडनच्या रोलंड वॉर्ड ह्यांनी शिंगांच्या मापांची नोंदपुस्तिका प्रसिद्ध केली. १९३० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शिकार परिषदेने पुढे शिंगांना गुण देऊन सुवर्ण, रौप्य व कांस्य पदके देण्याची पद्धत रूढ केली. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड १८९३ साली हैदराबाद संस्थानात पाहुणा म्हणून येऊन वाघांच्या शिकारीस गेला होता. त्याच्या शिकारीच्या याद्यांतील आकडा पावणेतीन लाखांच्या घरात जातो, आणि त्याच्या कोनोपिश्टे येथील वाड्याच्या भिंती आजही शिंगांनी भरलेल्या आहेत. पावणेतीन लाख जिवांची आठवण कोणा मनुष्यास ठेवता येईल? तेथे उरते ती केवळ मोजदाद. एक गोष्ट आणखी. ढालीवर तारीख असते, ठिकाण असते, शिकाऱ्याचे नाव असते. ज्या कारागिराने दोन दिवस खपून ते हाड उजळले, त्याचे नाव बहुधा नसते.

तथापि हा सारा युरोपाचाच दोष आहे असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची दहा कामज व्यसने सांगितली आहेत, त्यांत पहिले नाव मृगयेचे आहे. व्यसन नसते तर निषेधाची गरज पडली नसती. महाभारताच्या आदिपर्वात मृगरूप घेतलेल्या किंदम ऋषीवर पंडू बाण सोडतो आणि मृगया हा राजांचा धर्मच आहे, असे आपले समर्थन करतो. ह्यावर ऋषीचे उत्तर मार्मिक आहे. मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही, पण ज्या क्षणी मारलेस त्या क्षणाबद्दल देतो, असा त्याचा आशय आहे. कृती आणि कृतीची रीत ह्यांतील भेद आमच्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. आणि अलीकडची गोष्ट सांगावयाची तर म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबाचा प्राणी भरण्याचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत चालला, तो आमच्याच राजेमहाराजांच्या गिऱ्हाइकीवर.

देवळातही शंख आहे, वनगाईच्या शेपटीची चवरी आहे, मृदंगावर कातडे आहे, सोवळ्यात रेशीम आहे, जपाला मृगाजिन आहे. मग शिकाऱ्याच्या ढालीत आणि ह्यांत फरक तो काय? कायद्याच्या दृष्टीने देवता ही स्वतः व्यक्ती आहे. मालमत्ता तिची, महाजन वा पुजारी केवळ विश्वस्त. शंख वाजवणारा ‘हा मी मारला’ असे सांगत नाही. ढाल तेच सांगते. अस्थिसंचयनात आपणही हाडे वेचतो, धुतो, पण ती धुतो सोडून देण्यासाठी, पाण्याच्या स्वाधीन करण्यासाठी. शिकारी धुतो ती राखण्यासाठी. हात तेच, निगा तीच. फरक स्वामित्वाच्या भावनेत आहे.

परंतु ह्या युक्तिवादाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शंखातील किड्यास किंवा कोशातील अळीस आपल्या भक्तीचे काय? त्यांचा प्राण गेला तो गेलाच. भावना शुद्ध असल्याने मारणाऱ्याचे मन हलके होईल, मरणाऱ्याचे दुःख हलके होत नाही. म्हणून ‘हे मी कोणाचे म्हणून बाळगतो?’ एवढे विचारून भागत नाही; ‘ह्याची गरज आहे काय?’ हेही विचारले पाहिजे, आणि तो प्रश्न देवळाच्या पायरीशी थांबू नये. तसेच शिकाऱ्यासही सांगितले पाहिजे, की मागाहून उत्तम जपणूक केल्याने मूळ हक्क सिद्ध होत नाही. दुसऱ्याची जमीन कोणी कितीही सुंदर नांगरली, तरी नांगर हा खरेदीखताच्या जागी येत नाही.

आमच्या कायद्याने ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. जुन्या रोमन न्यायशास्त्रात रानातला प्राणी कोणाचाच नसे. जो धरील त्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ती कल्पना मोडली. संरक्षित प्राणी मारलेला असो वा मेलेला सापडो, तो आणि त्याचे अवशेष शासनाची मालमत्ता ठरतात. ‘ट्रॉफी’ ह्या संज्ञेत शिंग, हाड, दात, नख, एवढेच काय पण पीससुद्धा येते. घरातील जुने अवशेष जाहीर करण्यास २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती. प्रमाणपत्र असलेल्यांनाही ते विकता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट खुली केली: ज्याला असा अवशेष ठेवावयाचा नाही, त्याने मुख्य वन्यजीव रक्षकास पूर्वसूचना देऊन तो शासनास अर्पण करावा. त्याचा मोबदला मिळत नाही.

ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव इकडच्या कित्येक जुन्या घरांत सांबराची वा गव्याची कवटी आजोबांच्या तसबिरीशेजारी आजही असेल. वारसांनी ती आजोबांच्या पराक्रमाची खूण म्हणून मिरवू नये, आणि लाजून माळ्यावरही टाकू नये. प्रमाणपत्र असेल तर कवटीखाली प्राण्याची जात, ठिकाण व वर्ष लिहावे आणि मुलांना खरी हकीकत सांगावी. तेवढे मन होत नसेल तर ती परत करावी. मोबदल्यावाचून दिलेली वस्तूच खऱ्या अर्थाने सोडलेली असते, हे दानधर्म जाणणाऱ्या समाजास आम्ही वेगळे सांगावयास नको.