स्वभाव ही सबब नव्हे

ओझर येथे १९६४ साली विमान कारखाना उभा राहिला. तपासणीशिवाय एकही विमान आकाशात सोडले जात नाही, हे येथील लहान मूलही जाणते. पण त्याच ओझरमध्ये ‘रक्तातील साखर पुढच्या महिन्यात तपासू’ असे म्हणत वर्षे काढणारी माणसे आहेत. जवळच्या द्राक्षबागेत औषध फवारताना नाकातोंडावर फडके बांधण्याचा निश्चय रोज होतो आणि रोज मोडतो. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते: “स्वभावच तसा आहे.”

वाचकहो, हे उत्तर अगदीच खोटे नाही. शिस्तप्रिय माणूस ठरविलेले पथ्य अधिक पाळतो, असे मानसशास्त्राचे अभ्यासकही सांगतात. उतावळ्याचा संकल्प लवकर होतो आणि लवकर विरतो. कोणी निदानाच्या भीतीनेच दवाखाना टाळतो. मग स्वभाव अल्लाहनेच दिला असेल, तर हयगयीचा जाब आपण का द्यावा?

अब्दुल कैस टोळीचे शिष्टमंडळ आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अशज्ज (रजि.) यांच्या सहनशीलतेची व धीरगंभीर वृत्तीची प्रशंसा केली. हे गुण अल्लाहनेच त्यांच्या ठायी निर्माण केले, असेही सांगितले. दुसऱ्या प्रसंगी एकाने उपदेश मागितला. त्याला प्रेषितांनी (स.) पुन्हा पुन्हा एकच सांगितले की, राग करू नकोस. स्वभावाला आवर घालणे अशक्य असते, तर या उपदेशाला अर्थच उरला नसता.

म्हणून स्वभाव ही देणगी असेल किंवा कसोटी असेल, पण सबब नव्हे. आपली काळजी नेमकी कोठे कमी पडते, एवढेच तो दाखवितो. विसराळू असाल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेच्या जवळची नमाज पाहून गोळी तिच्याशी जोडा. भित्रे असाल, तर मुलाला सोबत घेऊन तपासणीला जा. उतावळे असाल, तर मोठा बेत न करता रोज थोडे चाला. कारण थोडे पण नित्य केलेले कर्म अल्लाहला प्रिय आहे. घरच्यांनीही टोमणे न मारता हात द्यावा.

कर्मे संकल्पावर अवलंबून आहेत, हे खरे. परंतु हाती सामर्थ्य असूनही संकल्पावरच थांबणे म्हणजे शरीराच्या अमानतीत कसूर करणे होय. ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांस देवो. आमीन.