चोराला न नेता येणारं धन

विद्या हे असं धन आहे की ते चोराला चोरता येत नाही, राजाला काढून घेता येत नाही आणि भावाला त्यात वाटणी मागता येत नाही, अशा अर्थाचं एक सुभाषित आम्हाला सातवीत पाठ करायला होतं. माझ्याजवळ हे धन बेताचंच असल्यामुळे चोर, राजा आणि भाऊ या तिघांनीही माझ्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. पण मी स्वतः मात्र १९८९ साली विद्या चोरली. पाच तुकडे होते. पुठ्ठ्याचे.

झालं असं की, आमच्या मामांची बदली झाली आणि त्यांची आरएक्स १०० आमच्या दारात येऊन उभी राहिली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद अकरा घोड्यांची. अकरा घोडे मला भरपूर होते. पण कोल्हापुरात तेव्हा अकरा घोड्यांवर समाधान मानणारा मुलगा मित्रांत फारसा मोजला जात नसे. ज्याला बारावा घोडा हवा असेल, तो उद्यमनगरात वस्तादांकडे जायचा.

वस्ताद चेंबर बनवायचे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर काढून तिथे जी पोट फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती नळी बसवतात, ती. नुकताच बकरा गिळलेला अजगर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. ही नळी काय करते ते मला वस्तादांनी पंगतीच्या भाषेत सांगितलं होतं. टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे लग्नातली घाईची पंगत. जेवलेले एका दाराने बाहेर पडतायत तोच दुसऱ्या दाराने उपाशी आत घुसतात. त्या रेट्यात काही उपाशी न जेवताच जेवलेल्यांबरोबर थेट रस्त्यावर! हे उपाशी म्हणजे ताजं पेट्रोल. चेंबरचा पुढचा पसरत जाणारा भाग जेवलेल्यांना बाहेर ओढतो आणि मागचा निमुळता भाग मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या एखाद्या खमक्या मामासारखा चुकून बाहेर आलेल्या उपाश्यांना ढकलून परत आत घालतो. ढकलायला हात नसतात, आवाजाची लाटच परत फिरते. फक्त ती वेळेवर पोचली पाहिजे. दार लागल्यावर पोचली तर उपयोग नाही, आणि फार आधी पोचली तर जेवलेलेच पुन्हा पाटावर.

पुढे मी कागदावर हिशेब करून पाहिला. मिनिटाला ९००० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा दीडशेवा भाग. बाहेरचं दार साधारण अर्धा फेरा उघडं. गरम धुरात लाट सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास पळते. तेवढ्या वेळात जाऊन परत यायचं, तर नळी हवी सुमारे त्र्याऐंशी सेंटिमीटर. वस्तादांनी हा हिशेब केलेला नव्हता. ते चौथी पास होते आणि त्यांची नळी त्र्याऐंशी सेंटिमीटरचीच होती.

चेंबरचे सहाशे रुपये पडत. माझ्याकडे साठ होते. म्हणून मी नुसताच संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो. वस्ताद पत्र्यावर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूने आखायचे, कात्रीने कापायचे, पाइपावर ठोकून शंकू वळवायचे आणि ग्यास वेल्डिंगने एकाला एक जोडायचे. मधूनच ‘‘मास्तरच्या पोरा, च्या घे’’ म्हणायचे. वर्षभरात मी त्यांचा किती चहा प्यालो असेन याचा हिशेब मात्र मी कधी केला नाही.

समोरच्या गल्लीत एक दुसरा वेल्डर होता. त्याने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘साचे फकस्त बघायला आण. तुझा चेंबर फुकट.’’ वस्ताद जेवायला गेलेले असताना मी पाचही साचे ड्रॉइंगच्या कागदावर पेन्सिलीने उतरवून घेतले. साचे जागेवर ठेवले. एक तुकडाही मी उचलला नाही, आणि याचा मला त्या रात्री केवढा आधार वाटला म्हणून सांगू! वस्तादांच्या दुकानातून काहीही कमी झालेलं नव्हतं. त्यांची विद्या त्यांच्यापाशी होती, वर ती माझ्याकडेही आली होती. सुभाषितकाराने हेच तर सांगितलं होतं. चोरी झालीच नव्हती!

दोन महिन्यांत समोरचा वेल्डर साडेतीनशेत चेंबर विकू लागला. फक्त शेपटीची बारीक नळी साच्यात नव्हती. तिचं माप वस्तादांच्या डोक्यात होतं. ह्याने हाताला लागली ती नळी लावली. ती पडली अरुंद. धूर तुंबून इंजिन तापायला लागलं आणि एकामागून एक दोघांच्या पिस्टनला भोकं पडली. गावात बोभाटा कुणाचा झाला? ‘‘डिझाइन वस्तादांचंच आहे, पण आता त्यांच्यात दम नाही राहिला.’’ वर्षभरात वस्ताद खिडक्यांचे गज आणि पाण्याच्या टाक्या जोडायला लागले. मी शिकायला पुण्याला गेलो. पळालो म्हटलं तरी चालेल.

पुढे मोटारसायकलींच्या इतिहासाचं एक पुस्तक चाळताना मला माझाच थोरला भाऊ भेटला. पूर्व जर्मनीत त्शोपाऊ गावी एमझेडचा कारखाना होता. तिथला इंजिनिअर वाल्टर काडेन युद्धात पेनेम्युंडेला होता. १९६१ साली त्याने नुसत्या सव्वाशे सीसीतून पंचवीस घोडे काढले. काढले म्हणजे मुख्यतः ह्या अजगराच्या पोटातून काढले. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर. बर्लिनची भिंत उभी राहून महिना होतो न होतो तोच डेग्नरने बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेला काढलं आणि स्वतः स्वीडनची शर्यत अर्धवट टाकून डेन्मार्कमार्गे पसार झाला. पोचला तो सुझुकीकडे, जपानला. १९६२ साली पन्नास सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीचं, गाडीवर डेग्नर. एमझेडला जगज्जेतेपद कधीच मिळालं नाही. काडेन त्शोपाऊलाच राहिला. त्याचीही विद्या त्याच्यापाशीच होती म्हणा.

आता डेग्नरला सुटकेचं तरी कारण होतं. त्याला स्वातंत्र्य हवं होतं, मला बारावा घोडा. तरीही मी त्याची वकिली स्वतःसाठी मनातल्या मनात बरीच वर्षं वापरली. शिवाय काडेन तरी कुठे कोरा होता? इंजिनात हवा सोडणारी फिरती तबकडी त्याने झिमरमान नावाच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली, आणि नळीची कल्पनाही त्याच्याआधी जर्मनीत होती. म्हणजे सगळेच चोर, मग कुणीच नाही. हा युक्तिवाद मला फार आवडतो. बहुतेक म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही.

२००४ साली कोल्हापूरला गेलो असताना धीर करून वस्तादांकडे गेलो. ते ग्रिल जोडत होते. मी सगळं सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, ‘‘मला पयल्या दिवशीच ठावं हुतं.’’

‘‘कसं काय, वस्ताद?’’

‘‘तिसऱ्या साच्यात माझी कात्री घसरल्याली. बारीक खाच. ती खाच त्येच्या दर चेंबरवर. माझी चूक गावभर फिरत हुती, मला वळखू येनार नाय? आन् साच्यांपाशी बसायला येत हुतं ते तू एकटं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘काय बोलू? मीबी शोलावरमला रेशीला गेल्तो तवा एका जपानी गाडीचं माप रातच्याला सुतळीनं घिऊन आल्तो.’’

मला जे हलकं वाटलं ते सांगता येत नाही. म्हणजे त्शोपाऊ, जपान, मद्रासजवळचं शोलावरम आणि उद्यमनगर अशी ती एकच सुतळी होती तर, आणि मी तिची फक्त एक गाठ! मी हसलोही. वस्ताद हसले नाहीत.

‘‘पन त्या गाडीवाल्याचा च्या नव्हता पिलेला मी,’’ ते म्हणाले आणि पुन्हा ग्रिलकडे वळले.

निघताना त्यांनी कपाटावरून साच्यांचं पुडकं काढून माझ्या हातात दिलं. टू-स्ट्रोकचे दिवस संपत आले होते, आरएक्स १०० तर १९९६ लाच बंद झालेली. शिक्षा म्हणून दिलं की वारसा म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. गेली वीस वर्षं ते आमच्या माळ्यावर आहे. रद्दीवाला आला की मी उगीचच घरात घुटमळतो.

परवा आमच्या इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने ते शोधून काढलं. त्याच्या मित्राने जुनी आरएक्स घेतली आहे म्हणे.

‘‘काका, फोटो काढू का ह्यांचे?’’

‘‘कुणाला विचारून?’’ मी जरा जोरातच म्हणालो.

‘‘तुम्हालाच विचारतोय की.’’

मी काय उत्तर द्यावं याचा विचार करेपर्यंत त्याने मोबाइलवर पाचही काढले होते. तिसरा तर जवळून, खाचेसकट.