आजारी मुलाची खोली

दीर्घ आणि दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी खोली सजवावयाची म्हटले, की आपला हात प्रथम भिंतीकडे वळतो, आणि तेथे चार हत्ती, फुगे व एखादा विदूषक रंगविला की आपल्या वात्सल्याचे समाधान होते. त्या मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र प्रहरचे प्रहर छतच असते. ही साधी गोष्ट वास्तुकलेच्या ध्यानी येण्यास बराच काळ जावा लागला.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर 1852 साली मुलांचे रुग्णालय निघाले ते एका जुन्या राहत्या घरात, अवघ्या दहा खाटांनिशी. त्या शतकाला धास्ती होती ती कोंदट हवेची. म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या आग्रहाने उंच खिडक्यांची लांबच लांब दालने सर्वत्र उभी राहिली. रंग, फुले, खिडकीबाहेरचे दृश्य यांचाही रुग्णाच्या शरीरावर परिणाम होतो, असे या बाईंनी तितक्याच निक्षून लिहून ठेवले होते. परंतु बांधणारांनी त्यांची हवा तेवढी उचलली आणि फुले ग्रंथातच राहू दिली.

फिनलंडमधील पायमिओ येथील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम 1933 साली पुरे झाले. ते काही मुलांसाठी बांधलेले नव्हते. तथापि आल्व्हार आल्टो या वास्तुकाराने उभ्या माणसाऐवजी निजलेला माणूस प्रमाण धरून खोली आखली, आणि या एका निर्णयातून पुढचे सारे आपोआप निष्पन्न झाले. छताला शांत गडद रंग दिला, दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसविला, आणि हात धुण्याच्या पात्राला असा उतार दिला की पाण्याची धार त्यावर आवाज न करता पडावी व शेजारच्या खाटेवरील रुग्णाची झोप मोडू नये. पाण्याच्या आवाजापर्यंत पोहोचलेली ही सहृदयता मला कोणत्याही भित्तिचित्राहून मोलाची वाटते.

मुलांच्या बाबतीत मात्र एक मोठी उणीव अजून उरली होती. आईला भेटीची मुभा मोजक्या वेळीच असे, आणि मूल रडेनासे झाले म्हणजे ते रुळले असा समज होता. ब्रिटनमधील मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली रुग्णालयात दाखल झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट करून हा समज उघडा पाडला, आणि 1959 साली प्लॅट समितीने भेटीवरील निर्बंध उठवावेत व लहान मुलांबरोबर आईचीही सोय करावी, अशी शिफारस ब्रिटिश सरकारला केली. तेव्हापासून खोलीच्या नकाशात दुसरे अंथरूण आले. आपल्याकडे परिचारिकांच्या तुटवड्याने हा प्रश्न समितीवाचूनच निकालात काढला होता. खाटेशेजारी चटई टाकून निजणारी आई आपल्या सरकारी दवाखान्यांत कोणी पाहिली नाही? तिच्यासाठी जागा आखण्याची तजवीज तेवढी कोणी केली नाही. 2006 साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत कर्करोगाच्या उपचारासाठी परगावाहून आलेल्या मुलांची कुटुंबे राहतात आणि आईला सामाईक स्वयंपाकघरात स्वतः रांधता येते. औषधांनी तोंडाची चव गेलेल्या मुलाला घरच्या हातचा वरणभात मिळणे, हाही आवश्यक सोयीचाच भाग होय.

आणि विदूषक? शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णालयाच्या सजावटीविषयी खुद्द मुलांनाच विचारले, तेव्हा विदूषक कोणालाच आवडत नसल्याचे आढळले. कित्येक मोठ्या मुलांनाही त्यांचे भय वाटत होते. ही वार्ता 2008 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांची साक्ष सर्वांत शेवटी नोंदविली गेली. पंधरा वर्षांच्या मुलाला हत्ती-फुग्यांत निजविणे हाही एक प्रकारचा अपमानच आहे.

अस्थिमज्जारोपण झालेल्या मुलाच्या खोलीत जंतुसंसर्गाच्या भयाने ताजी फुले आणि कुंडीतील माती निषिद्ध असते; गालिचाही चालत नाही, प्रत्येक पृष्ठभाग पुसता येण्याजोगा हवा. अशा निर्बंधांत सुई केव्हा टोचावी, काय खावे, कोणी आत यावे, यांपैकी काहीच ज्याच्या हाती उरलेले नाही, त्याला निदान दिवा मंद करणे, पडदा ओढणे आणि आपल्या चार वस्तू आपल्या क्रमाने मांडणे एवढे तरी करता यावे. त्यास खर्च फारसा नाही. परंतु भिंतीवरच्या चित्राचे उद्घाटन करता येते, देणगीदाराचे नाव लावता येते. निजल्या जागेवरून हात पोहोचेल अशा दिव्याच्या बटणाचे तसे नाही, आणि अंदाजपत्रकात ते किरकोळ बाबींत जमा होऊन पहिल्याच कपातीत निघून जाते.